वाढवलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची तोरडी आहे. शहरात मला पैंजण म्हणतात. माझ्या टोकाशी एक कडी आहे, इतरांहून जरा काळी. ती मागाहून जोडलेली आहे.

आधी मी मनकर्णाच्या पायात होते. ती पोटुशी असताना संध्याकाळी मी तिच्या घोट्यात रुतायची आणि सकाळी सैल व्हायची. पुढे सकाळीही रुतू लागले. मला काढले, की कातडीवर माझ्या घुंगरांचे खळगे राहायचे. ते लवकर भरत नसत.

"देवके, तोरडी आवळून राह्यली वं," ती धाकट्या जावेला म्हणाली.

"पोटुशीचे पाय सुजतेतच. आता का हरणावाणी उड्या मारतं?" देवकाबाई हसली. तिने मोठ्या मायेने मला सोनाराकडे नेले आणि एक कडी वाढवून आणली. पाय मात्र कोणी पाहिला नाही. डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे मनकर्णा सांगायची. ऊन लागले असेल, असे घरचे म्हणायचे. मग तिला झटके आले. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. देवकाबाईच्या मुठीतून फक्त मी घरी आले.

कितीतरी वर्षे मी डब्यात पडून होते. डबा हलला की ती कडी वाजायची. देवकाबाई दचकायची, पण डबा उघडत नसे.

मुलाच्या लग्नात तिने धीर केला आणि मला सुनेच्या पायात घातले. सुरभीला दिवस गेले. सातव्या महिन्यात माझ्या दुसऱ्या टोकाचा आकडा जुन्या कडीत बसेना. तिने तो काळ्या कडीत अडकवला. मग तीही ताणली.

"आई, बाळानं माहे पाय तुमच्या म्हशीवाणी करून टाकले!" सुरभी हसली.

"जामच्या बाजाराले चाललोच आहो. सोनाराकडून एक कडी वाढवून आणतो," तिचा नवरा ऋतिक म्हणाला.

देवकाबाई खाली बसली. तिने सुरभीच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, मग उचलला. खळगा तसाच राहिला.

"डोकं दुखते काय वं?"

"कालपासून. काऊन?"

"कडी नाई वाढवाची!" देवकाबाई मुलावर ओरडली. "गाडी काढ. सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ."

तिथे सुरभीचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. "वेळेत आणलंत," डॉक्टरीण म्हणाली. देवकाबाईने मला सुरभीच्या पायातून काढून घेतले होते. तिची मूठ माझ्यावर तशीच आवळलेली होती, त्या दिवसासारखी.

आता बाळ रांगते. सूज उतरली. आकडा जुन्या कडीत बसतो आणि काळी कडी मोकळी लोंबते. मित्रांनो, कोणा पोटुशीची तोरडी किंवा चप्पल घट्ट होऊ लागली, तर आधी तिचा पाय पाहा.

सोनाराने ती कडी काढू का म्हणून विचारले होते. देवकाबाई नको म्हणाली. सुरभी चालते तेव्हा कडी वाजते, आणि देवकाबाई हातातले काम थांबवून तिच्या घोट्यांकडे बघत राहते.