कागदातली बाई

कारकुनाने पास उजेडाकडे धरला, खाली घेतला आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या सगुणाबाईकडे पाहिलं. पुन्हा पास पाहिला. पुन्हा बाई पाहिली. शेवटी त्याने तो कागद तिच्या थोरल्या दिरांच्या, भाऊंच्या पुढ्यात सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही बाई कुठे आहे?"

"हीच की," भाऊ म्हणाले.

"वाचा."

भाऊंनी वाचलं. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. ठाण्याच्या कचेरीत त्याच भाषेच्या जोरावर त्यांनी जन्म काढला होता. पण त्या ओळीपाशी ते मध्येच थांबले. तेव्हा कारकुनानेच ती मराठीत, निम्म्या फलाटाला ऐकू जाईल अशी म्हणून दाखवली. कपाळी कुंकू. नाकात चमकी. गळ्यात काळी पोत. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

सगुणाबाई तांबडं आलवण नेसून, पदर भुवयांपर्यंत ओढून उभी होती. ती विधवा आहे हे ओळखायला कारकून लागत नव्हता. आंधळ्यालाही कळलं असतं.

"लिहिणाऱ्याची चूक झाली असेल," भाऊ म्हणाले.

"असेल. नाहीतर डॉक्टरपुढे दुसरीच कोणी उभी केली असेल." कारकुनाने सहज म्हटल्यासारखं म्हटलं आणि भाऊंनी कोटाचं वरचं बटण उगाच लावलं. "चूक असेल तर ठाण्याला लिहा, दुरुस्ती येईल. तोवर बाई छावणीत. दहा दिवस. तुमचा पास चोख आहे, तुम्ही पुढे व्हा."

प्लेगाचं साल होतं. खालून देशावर जाणाऱ्या प्रत्येक उतारूला कल्याणला उतरवत, पडद्याआड अंग तपासत, पास पाहत आणि शिक्का मारला तरच पुढच्या गाडीत बसू देत. सगुणाबाईचं अंग पडद्याआडच्या नर्सने तपासून झालं होतं. ताप नाही, गाठ नाही. खोट होती ती कागदात, आणि ती कशी शिरली हे भाऊंना पुरतं ठाऊक होतं.

ठाण्याच्या डॉक्टरने प्रवास करणारं प्रत्येक माणूस समक्ष पाहूनच पास द्यायचा असा हुकूम होता. आता सोवळ्या बाईला गोऱ्या डॉक्टरपुढे न्यायचं, त्याने तिची नाडी धरायची, मग घरी आणून तिला न्हाऊ घालायचं. आणि हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी! भाऊंना ते कसंसंच वाटलं. त्यांची बायको मंदाकिनी अंगलटीने, वयाने धाकट्या जावेसारखीच. ती डॉक्टरपुढे गेली, सगुणेचं नाव सांगितलं, हात पुढे केला आणि पाच मिनिटांत परत आली. भाऊंनी पासावरचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, शिक्का पाहिला आणि पास कोटाच्या खिशात घातला. बाईमाणसाचं वर्णनही सरकार लिहून ठेवत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता खरं सांगावं तर खोटी बाई उभी केल्याचा गुन्हा, आणि नोकरीवर पाणी.

भाऊ तिला फलाटाच्या कडेला घेऊन गेले.

"मी पुढे होतो," ते म्हणाले. "तू राहा इथे. दहा दिवसांचं तर आहे. तुझ्या फराळाचं मी सांगून ठेवतो कोणाला तरी."

"परवा दहावा आहे."

"ते मी बघतो. मी असेन ना तिथे."

"तुम्ही काय बघणार?"

भाऊंना हा प्रश्न नवा होता. तेरा वर्षं ती त्यांच्या घरात होती, पण हवंनको ते मंदाकिनीच्या तोंडून कळे. समोर उभं राहून, त्यांच्याकडे बघत असं तिने कधी विचारलं नव्हतं.

"जे रीतीप्रमाणे व्हायचं ते होईल," ते म्हणाले. "मला काय त्यात सुख वाटतंय?"

रीतीप्रमाणे व्हायचं होतं ते असं. सगुणाबाईची एकुलती एक लेक गोदा, वय पंधरा, नाशिकला दिलेली. गेल्या आठवड्यात तिचा नवरा तापाने गेला. परवा दहाव्याला न्हावी बोलावला होता. पोर फार आकांत करते, आई जवळ असली की गप बसेल, असा सासरचा निरोप आला, म्हणून भाऊ सगुणाबाईला घेऊन निघाले होते. ती निमूट निघाली तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. ती गोदेला गप बसवायला निघालेलीच नव्हती. पोरीला न्हाव्यापुढच्या पाटावर बसू द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या मनात होतं. ते कसं करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आधी तिथे पोचायला तर हवं होतं.

ती स्वतः त्या पाटावर बसली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दोन वर्षांची गोदा दाराच्या फटीतून बघत होती आणि आईची वेणी खाली पडली तशी ती उचलायला धावली होती. ते आठवलं की सगुणाबाई हातातल्या कामात मान घालत असे. आज मात्र तिला राग आला. भाऊंचा आला, मंदाकिनीचा आला, त्या टेबलामागच्या कारकुनाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, की इतकी वर्षं आपण मूग गिळून बसलो.

"गाडीला वेळ आहे ना अजून?" तिने विचारलं.

"आहे. पण कागद काही मला बदलता येत नाही, सगुणा."

"कागदाला हात नका लावू," ती म्हणाली आणि चालू लागली.

छावणीत न्यायच्या बायकांना फलाटाच्या टोकाला एका कुडाच्या पडवीत बसवलं होतं. तिथे एक उंच, काळीसावळी बाई मांडीवर गाठोडं घेऊन शिपायाच्या नावाने बोटं मोडत होती. आवडाबाई तिचं नाव. ठाण्याच्या खाडीवर तिच्या घरची मिठागरं होती आणि तिचा आवाज वाऱ्यात हाका मारून मारून कमावलेला होता.

"त्या मेल्यानं वाचलं त्ये मी आयकलं," ती सगुणाबाईला जागा करून देत म्हणाली. "माजा तं कागूदच नाय. शहाडला भाचीचं लगीन हाय. मना सांगतंय, धा दीस बस. पोर बोहल्यावर चढंल नि मामी हितं माश्या मारीत बसंल."

"गाठोड्यात काय आहे?"

"मामाकरचं. चुडा, पोत, चमकी, कुकू."

सगुणाबाईने गाठोड्यावर हात ठेवला.

"मला द्याल?"

आवडाबाईने तिच्या आलवणाकडे पाहिलं, मग पदराखालच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं. लग्नाचं सामान विधवेच्या हातात द्यायचं म्हटलं तर दुसरी कोणी गाठोडं घेऊन चार हात लांब सरकली असती.

"कनाला गं बाय?"

"नाशिकला माझी लेक आहे. तिचा नवरा गेला. परवा तिचे केस काढणार आहेत. मला त्याआधी तिथे पोचायचंय."

आवडाबाईने गाठोड्याची गाठ दातांनी सोडवली.

"माजा पयला दरयात गेला," ती सामान उपसता उपसता म्हणाली. "मी बी पुसलेलं. मंग पाट लावला, दुसरा केला. कुकू काय कुनाच्या बापाचं हाय? हात दे."

बांगड्या सहज चढल्या. सगुणाबाईचे हात तेवढे वाळलेले होते. पोत गळ्यात पडली. चमकीपाशी मात्र घोडं अडलं. आवडाबाईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"भोक बुजलंय."

"टोचा."

"दुखंल बाये."

"टोचा तुम्ही."

चमकीची तार आत गेली तेव्हा सगुणाबाईच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं आणि ओठावर रक्ताचा थेंब उतरला. आवडाबाईने तो आपल्या पदराने टिपला. शिवाशीव, सोवळं, सगळं त्या पदराबरोबर गेलं आणि ते गेल्याचं सगुणाबाईच्या ध्यानातही आलं नाही. मग आवडाबाईने कुंकवाची डबी उघडून अंगठा बुडवला.

"मी लावते," सगुणाबाई म्हणाली.

आरसा नव्हता. तो लागलाही नाही. बोट आपसूक जागेवर गेलं.

"हे तुमच्या भाचीचं—" ती म्हणाली.

"भाचीला दुसरं घेन. तू जा."

टेबलापुढे रांग होती. सगुणाबाई रांगेत उभी राहिली नाही. मघाशी मी इथेच उभी होते, असं पुढच्या माणसाला सांगून ती सरळ टेबलाला जाऊन भिडली. भाऊ तेव्हा कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला गेले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांच्या हातातली छत्री खाली पडली.

"हे काय आहे, बाई?" कारकून म्हणाला.

"कागदातली बाई विचारत होतात. आणली आहे. वाचा."

"अहो, मघाशी तुम्ही—"

"मघाशी जुळत नव्हतं. आता बघा जुळतंय का."

कारकून चाळिशीचा, शेंडी राखणारा, चार लोकांत मान असलेला माणूस होता. आलवणावर हिरवा चुडा आणि सोवळ्या कपाळावर कुंकू असलं दर्शन त्याला उभ्या जन्मात घडलं नव्हतं. त्याने पास उचलला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला सुरुवात केली.

"मघासारखं मोठ्याने वाचा," सगुणाबाई म्हणाली. "मघाशी सगळ्यांनी ऐकलं. आता कशाला राहावं?"

रांगेतली माणसं पुढे झुकली. कारकुनाने घसा खाकरला.

"कपाळी कुंकू."

तिने पदर बोटभर मागे घेतला.

"नाकात चमकी. गळ्यात काळी पोत."

तिने मान वर केली.

"दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. काच लाकडावर वाजली.

"आणि हे आलवण?" कारकून म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर कमी आणि काकुळती जास्त होती.

"लुगड्याचं काही लिहिलंय कागदात?"

त्याने खरोखरच पुन्हा शोधलं. "नाही."

"मग?"

अडवायचं तर कारण लिहावं लागणार होतं. वर्णन तंतोतंत जुळलं म्हणून अडवली, असं लिहिता येत नव्हतं. मघाशी ही विधवा होती असं लिहावं तर साहेब विचारणार, पाऊण तासात तुझ्या टेबलापुढे हा काय चमत्कार झाला? मागून कोणीतरी गाडी सुटेल म्हणून ओरडलं. कारकुनाने शिक्का शाईत दाबला आणि कागदावर असा हाणला की दौत हिंदकळली.

"नाशिकला उतरल्यावर दहा दिवस रोज सकाळी चावडीवर हजेरी द्यायची," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "चुकली तर पोलीस घरी येतो आणि ठाण्याच्या डॉक्टरला कळवतो. हजेरीला हाच कागद न्यायचा आणि हीच..." तो अडखळला.

"हीच बाई," सगुणाबाई म्हणाली आणि तिने पास घेतला.

कठड्यापलीकडे भाऊ छत्री उचलून उभे होते. त्यांनी तिला गाडीच्या शेवटच्या डब्यात, कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं, स्वतः मध्ये उभे राहून लोकांच्या नजरा अडवल्या, आणि मग काहीतरी सुचल्यासारखे लगबगीने खाली उतरले. परत आले ते स्टेशनच्या नळावर तांब्या भरून.

"सुटलो एकदाचे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "झालं ते झालं. मी कोणाला सांगणार नाही. आता हे पुसून टाक."

त्यांनी तांब्या पुढे केला. सगुणाबाईने तो घेतला, वर धरला आणि ती घटाघटा पाणी प्यायली. नळाचं पाणी, गाडीत, सगळ्यांसमोर. रिकामा तांब्या तिने त्यांच्या हातात परत दिला.

"सगुणा!" भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. मग ते म्हणाले, "असं तोंड घेऊन नाशिकला उतरणार तू? सुतकाच्या घरात? व्याही काय म्हणतील?"

"रोज हजेरी आहे ना चावडीवर. दहा दिवस."

"तेवढ्यापुरतं लाव. मग पुसत जा."

"पुसेन की," ती म्हणाली. गाडीने हिसका दिला. तिने खिडकीच्या दांडीला धरलं आणि बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या. "ज्या दिवशी गोदेच्या डोक्याला वस्तरा लागेल, त्या दिवशी लख्ख पुसेन. आणि तशीच हजेरीला जाईन. मग चावडीवर विचारतील, कागदातली बाई कोण होती? मला काही खोटं बोलता येत नाही, भाऊ."

ती चेष्टा करत नव्हती. भाऊ सावकाश समोरच्या बाकावर बसले. तांब्या त्यांच्या मांडीवर आडवा झाला, उरलेसुरले थेंब धोतरावर सांडले, तरी त्यांनी तो सरळ केला नाही.

शहाडचा पूल गेला. खाली उल्हास नदीत कोणी म्हशी धूत होतं. पुढचं एक स्टेशन येऊन गेलं, दुसरं आलं. डब्यातल्या बायका आपसांत कुजबुजत होत्या, मधूनच सगुणाबाईकडे बघत होत्या, आणि ती त्यांच्याकडे सरळ बघत होती.

ऊन डब्यात आलं होतं. भाऊंनी मांडीवरचा तांब्या उचलून बाकाखाली ठेवला. मग ते खिडकीबाहेर बघत, अगदी हळू म्हणाले,

"घामाने ओघळलंय जरा. नीट करून घे."