डेटाचा त्याग

धन्यकुमार पाटील दोन वर्षांपूर्वी द्राक्षवाल्यांच्या सहलीबरोबर हॉलंडला जाऊन आला, तो एकतीस हजारांचं फोनबिल घेऊनच. आठ दिवस इंटरनेट चालूच ठेवलं होतं पठ्ठ्यानं. तेव्हापासून अख्खं कवठे एकंद त्याला 'हॉलंडकर' म्हणतं. आता त्याची बायको गुणमाला लेकीच्या, ब्राह्मीच्या, पदवीदानाला एकटी सिंगापूरला निघाली, तेव्हा त्यानं तिलाच धाक घातला. "फोन बंदच ठेव. माजं एकतीस झालं, तुजं लाखावर जाईल."

सातवी शिकलेल्या गुणमालेला ते लागलं. ती तडक बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, गेली आणि भगवंतासमोर हात जोडून तिनं नियम घेतला: परत येईपर्यंत मोबाईल डेटाचा त्याग. नियमात सूट ठेवायची रीत असते; तिनं एकच ठेवली, फुकटचं वायफाय. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आजवर कुणी तूप सोडलं होतं, कुणी गोड. डेटा सोडणारी हीच पहिली.

सिंगापुरात तिनं नियम पाळला. पण समारंभाच्या दिवशी तिचा जीव थाऱ्यावर राहीना. ब्राह्मी काळा झगा घालून आत रांगेत उभी, आणि बापाला लेकीचा हा मान दिसणार नाही? डेटाचं बटण बोटाखाली होतं. एवढंसं दाबलं की झालं. तिनं बोट मागं घेतलं आणि दारावरच्या बाईपुढं जाऊन उभी राहिली. सांगलीच्या एसटी स्टँडवर गाडी विचारायलाही लाजणारी गुणमाला म्हणाली, "वायफाय. पासवर्ड. प्लीज." त्या बाईनं हसून स्वतःच तो फोनमध्ये घालून दिला.

ब्राह्मीचं नाव पुकारलं तेव्हा व्हिडिओ कॉल लागलेला होता. पडद्यावर बागेत उभा धन्यकुमार, मागं कामावरच्या रंगुबाई आणि मनुबाई माना उंचावून. लेक मंचावर चढली, पदवी घेतली, उतरली. नाक ओढून धन्यकुमार त्या दोघींकडं वळला. आता लेकीचं कौतुक ऐकायला मिळणार म्हणून गुणमालेनं कान टवकारले.

"पोरगी दिसली न्हवं?" तो म्हणाला. "ह्यो फोन माज्या बायकोनं लावलाय. परदेशातनं. रुपाया न्हाई पडला."