दादाला विचारून सांगतो

मेलेल्या भावाला विचारून सांगतो, असं म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. म्हणून अतुलने वडिलांना नुसतं "चार दिवस द्या" म्हटलं. त्या चार दिवसांचा महिना झाला.

थोरला सुनील फुलसावंगीच्या वळणावर मोटरसायकलवरून पडून गेला, त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाची पंगत उठते न उठते तोच वडिलांनी, पंजाबरावांनी, धाकट्याला सांगितलं, "दिपालीसंग तुया पाट लावून टाकू. सुनीलचं पोरगं परक्याच्या दारात कायले वाढवाचं?" पंजाबराव घरात कोणाला विचारत नसत, कळवत असत.

ज्या दादाने बोट धरून चालायला शिकवलं, त्याची बायको त्याला न विचारता करायची? अतुलचा निर्णय होईना.

अशात मोबाईलवर त्याला एका बुवाचा व्हिडिओ सापडला. दिवसभर आपली बोटं बघा आणि 'हे स्वप्न तर नाही?' असं स्वतःला विचारा. सवय लागली की झोपेतही विचाराल, आणि स्वप्न चालू असतानाच शुद्धीवर याल. मग हव्या त्या माणसाला भेटा. झालं! अतुल फवारताना बोटं बघे, जेवताना बघे, पानठेल्यावर बघे. पानठेलेवाला म्हणाला, "काय बे, नेलपॉलिश लावाचं आहे काय?"

एका दुपारी शेतातल्या निंबाखाली खाटेवर डोळा लागला आणि साधलं. विहिरीपाशी सुनील मोटारीची वायर जोडत बसला होता. अतुलने बोटं पाहिली, तर करंगळी कोपरापर्यंत लांबलेली. हे स्वप्न आहे, त्याला पक्कं कळलं. त्याचा ऊर भरून आला.

"दादा, बाबा म्हणून राह्यले का वयनीसंग लगन लाव. हो म्हणू का?"

हो म्हण रे एकदाचं, अतुलच्या मनात आलं.

"हो म्हण," सुनील म्हणाला.

अतुल हरखला. मग पाल चुकचुकली: मनातून याला हे नको असेल तर?

"नाही म्हण," सुनील म्हणाला, त्याच चेहऱ्याने.

आता मात्र अतुल घाबरला. त्याने मन गच्च बंद केलं. तसा सुनीलही बंद पडला. वायर हातात, डोळे अतुलवर, तोंडातून शब्द नाही. हा दादा नव्हताच. इतका वेळ अतुल आपला आपल्याशीच बोलत होता. त्याने उठायची धडपड केली, हातपाय झाडले, ओरडला. स्वप्न आहे हे कळत होतं, तरी त्यातून निघता येईना.

कोणीतरी त्याचा खांदा हलवला. दिपाली डबा घेऊन आली होती. तिचा पाच वर्षांचा आयुष धुऱ्याच्या बांधावर ढेकळं फोडत होता.

"भाऊजी, झोपीत कोणाले विचारून राह्यलते, हो म्हणू का म्हणून?"

लपवण्यात अर्थ नव्हता. अतुलने सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता दिपालीचा चेहरा लाल झाला.

"मेल्या माणसाले विचाराले सपनात गेले तुमी! आन मी? मी त रोज तुमच्या ताटात भाकर वाढून राह्यली. मले विचारलं कोणी?"

अतुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग सांगा, वयनी. तुमाले काय पाह्यजे?"

"मले लगनच नाही करायचं. तुमच्यासंग नाही, कोणासंगच नाही."

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. "मंग झालं त! आजच बाबाले नाही म्हणतो."

"तुमी नाही म्हणान, आन मामाजी मले माहेरी धाडतीन. परवाच बोलले मले. म्हणे, सून जाऊ शकते, नातू नाही."

"मी भांडतो बाबासंग," अतुल म्हणाला. पण पंजाबरावांसमोर तो आजवर मोठ्याने खोकलासुद्धा नव्हता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

दिपालीने डबा उघडला, भाकर त्याच्या पुढ्यात ठेवली. तिला रडू आवरेना.

"हो म्हणा, भाऊजी," ती म्हणाली. "आन मले वयनी म्हणणं सोडा आतापासून. सवय लावा लागन."