पहिली घंटी मन्ही, दुसरी घंटी तुन्ही

“आपा, परत एकदा. आणि या वेळी ठसका नको,” भाग्येश म्हणाला.

“ठसका मी देस का भाऊ? मिरच्या देतस,” अख्तरबानो ओढणी तोंडाला लावत म्हणाली.

नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरच्या वाळत पडल्या होत्या. जमिनीला लाल लुगडं नेसवावं तशा. हिवाळ्याचा वारा त्यांची झळ गल्लीबोळांतून घेऊन फिरत होता, म्हणून ‘सावली रुग्णसेवा’च्या ऑफिसचं दार या दिवसांत कडी लावूनच असायचं. दोन खोल्यांचं ऑफिस. घरोघरीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला, गोळ्या द्यायला, इथून बाया पाठवल्या जात. त्या सगळ्या कामाचं दार म्हणजे टेबलावरचा फोन, आणि दारावरची राखणदार म्हणजे अख्तरबानो. नवरा सत्तार दोन वर्षं अंथरुणावर होता तेव्हा याच ऑफिसच्या बाया त्याचं करायला येत. तो गेला, आणि चाळिसाव्या दिवसानंतर मालकीण हेमांगी स्वतः येऊन म्हणाली होती, “आपा, आमच्या फोनवर बसता का?” त्याला आता चौदा वर्षं झाली.

आज रविवार, आणि जुन्या फोनचा शेवटचा दिवस. एकच लाइन, ती सारखी गुंतलेली. इंटरनेटवरून फोन आले की एका वेळी दहा जण बोलू शकतील, असं फोन बसवणाऱ्या भाग्येशनं हेमांगीला सांगितलं होतं. नंबर तोच राहणार, फक्त फोन आधी मशीन उचलणार. त्या मशीनला आवाज हवा होता.

“आपांचाच द्या,” हेमांगीचा हट्ट. “लोक त्या आवाजावर विश्वास ठेवतात. पण आपा, अहिराणी नको हं. ऑफिसचं वाटलं पाहिजे.”

तर अख्तरबानो कागद डोळ्यांपासून लांब धरून, शाळेत कविता म्हणावी तशी ताठ उभी राहून म्हणाली, “नमस्कार. सावली रुग्णसेवा केंद्रात आपलं स्वागत आहे. नवीन नोंदणीसाठी एक दाबा. सेविकेच्या वेळेसाठी दोन दाबा. कार्यालयाशी बोलण्यासाठी तीन…”

टेबलावरचा फोन वाजला. एकदा. दोनदा. आणि गप्प झाला.

भाग्येशनं कपाळावर हात मारला. “गेलं रेकॉर्डिंग! आणि तुम्ही फोन उचलला का नाही?”

“तो उचलाना नही, भाऊ. तो जमनाबाना शे.” अख्तरबानोनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं. “दख, मिनिट हुकत नही.”

“मिस कॉल?”

“मिस कॉल काय म्हनस? हजेरी शे ती.”

जमनाबाई तापीकाठची, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडच्या गावची. गुजर घरातली, ऐंशीच्या घरातली. सगळं गाव तिला बा म्हणे. मुलगा मोतीलाल सुरतेला, केळीची बाग दुसऱ्याला कसायला दिलेली, आणि बा एकटी मळ्यातल्या घरात. ‘सावली’ची कालीबाई सोमवार, बुधवार, शुक्रवार जायची. बाकीच्या दिवसांचं काय? तेव्हा बानंच तोड काढली होती. रोज सकाळी आठ-दहाला दोन घंट्या द्यायच्या आणि ठेवायचं. मी आहे, उठलेय, चहा पितेय. आणि जन्मभर जात्यावर बसलेली बाई ती, तिच्या तोंडून साधा निरोपसुद्धा गाण्यातच यायचा.

पहिली घंटी मन्ही, दुसरी घंटी तुन्ही,
तिसरी वाजनी ते धाव बानो, आडवी पडनी जमनी.

“असं नका बोलू बा,” अख्तरबानो तेव्हा म्हणाली होती. “पन तिसरी वाजनी ना, ते अल्लाकसम, हातमाधला घास टाकीसन येसू.”

तिसरी घंटी एकदाच वाजली होती. अख्तरबानोनं हेमांगीची गाडी काढायला लावली, कालीबाईला अर्ध्या वाटेत उचललं, ऑक्सिजनचं नळकांडंसुद्धा घेतलं. पोचल्या तर बा अंगणात शेंगा फोडत बसलेली. फोन ठेवायचा राहिला होता, चुलीवर दूध उतू गेलं म्हणून. तिघींचे पांढरेफटक चेहरे पाहून ती पोट धरून हसली होती. “चला, खात्री ते व्हयनी! आते जेवीसन जा.” आणि जेवूनच यावं लागलं. मुगाची खिचडी, वर तेलाची धार.

हे सगळं ऐकून भाग्येशही हसला. “काळजी नका करू, आपा. नव्या सिस्टीममध्ये एकही फोन हरवत नाही. कॉम्प्युटरवर यादी येईल. नाव, वेळ, सगळं.”

“आन दोन घंट्या?”

“सगळं दिसेल.”

तो खोटं बोलला नव्हता. त्याला प्रश्न कळला नव्हता, एवढंच.

सोमवारी सकाळी अख्तरबानोच्या कानांवर हेडफोन चढला. टेबल एकदम मोकळं, मुकं. आठ-दहाचा सुमार झाला. कान सवयीनं त्या जुन्या फोनच्या जागेकडे लागलेले. मग तिनं यादी उघडली. होतं की! ‘जमनाबा, ८.१०’, आणि नावापुढे कंसात बारीक दोन.

दोन! अख्तरबानोला मशीनचं कौतुक दाटून आलं. कामाचा पत्ता घ्यायला आलेल्या कालीबाईला तिनं खांद्याला धरून पडद्यासमोर उभं केलं. “दख काली, मशीन घंट्या बी मोजस!”

कालीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पडद्याकडे देवाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मान डोलावली.

मंगळवारी दोन. बुधवारी दोन. बुधवारी संध्याकाळी कालीबाई परतली तेव्हा डबा पिशवीत कोंबता कोंबता म्हणाली, “जमनाबा पुसत होती. बानो रागवनी का म्हने. फोनवर परकंगत बोलस म्हने.”

अख्तरबानो हसली. “बाले सांग, ती मी नही, मशीन शे. ऱ्हाऊ दे, रविवारले मीच जास. पाय बी दाबी देसू.”

गुरुवारी फोनांचा नुसता पाऊस होता. आठ वाजून बारा मिनिटांनी अख्तरबानोनं घाईघाईनं यादी उघडली. जमनाबा. दोन. तिनं यादी मिटली आणि पुढचा फोन घेतला. त्या दिवशी एका वेळी चार-चार जण बोलले, कुणाला गुंतलेली लाइन लागली नाही. हेमांगीनं संध्याकाळी पेढे मागवले.

शुक्रवारी सकाळी यादीत जमनाबा नव्हती; कालीबाई तिकडेच निघालीय, ती कळवेल, असं अख्तरबानोनं धरलं. अकराला कालीबाईचा फोन आला. आधी नुसता श्वास. मग, “आपा, बा गई वं.”

“कोठे गई?”

असं विचारलं अख्तरबानोनं. खरंच विचारलं. सुरतेला गेली असेल, मोतीलाल येऊन घेऊन गेला असेल, असंच तिच्या मनात आलं.

पलीकडून कालीबाईचं रडणं आलं आणि मग तुटक तुटक शब्द. मोरीत पाय सरकलेला. डोक्याला मागे मार. पण बा मोरीत नव्हती. मोरीपासून दारापर्यंत पाण्याचा आणि रक्ताचा वाळलेला पट्टा होता. तेवढं अंतर ती सरपटत आली होती. दाराच्या आतल्या भिंतीला टेकून बसलेली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. मांडीवर फोन.

“आन आपा, कडी काढेल होती. घरमा ऱ्हायनी ते बा कडी लाईसनच ऱ्हास, तुले ते माहीत शे. मी दार लोटं, ते उघडी गयं. बा मन्हाकडेच दखी ऱ्हायनी होती.”

गावचा डॉक्टर म्हणाला, काल दुपारीच गेली असावी.

काल. अख्तरबानोनं तो शब्द ऐकला आणि ती खुर्चीवरून उठली. “काल कसं? काल दोन व्हतात. मी दख्यात. दोन व्हतात!”

हेमांगी आतल्या खोलीतून धावत आली. भाग्येशला बोलावणं गेलं. तो वीस मिनिटांत आला, हेल्मेट न काढता खुर्चीवर बसला, कालच्या यादीतल्या जमनाबाच्या नावावर त्यानं बोट ठेवलं. कंसात तीन होते.

“आपा,” तो हळूच म्हणाला, “हा आकडा घंट्यांचा नाही. किती वेळा फोन आला, त्याचा आहे. मशीन पहिल्याच घंटीला उचलतं. दुसरी घंटी वाजतच नाही.”

पेरणीच्या वेळी मूठ उघडावी तशी ती गोष्ट अख्तरबानोसमोर दाणादाणा उघडत गेली. मशीन दुसरी घंटी वाजू देत नाही, हे बाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून ती फोन ठेवत होती आणि पुन्हा लावत होती. एका फोनची एक घंटी, दुसऱ्या फोनची दुसरी. पहिली मन्ही, दुसरी तुन्ही. ऐंशी वर्षांच्या बाईनं नवी सिस्टीम शिकून घेतली होती, न शिकवता. आणि काल? भाग्येशनं नाव उघडलं. आठ नऊ. आठ दहा. आठ चौदा.

आठ बाराला अख्तरबानोनं यादी पाहिली होती. पहिलीवाचून दुसरी नाही, दुसरीवाचून तिसरी नाही. बा क्रमानं आली होती, आणि अख्तरबानो दुसरीवरच उठून गेली होती. जुना फोन असता तर तिसरी घंटी अख्ख्या ऑफिसात वाजली असती. यादी वाजत नाही.

“चौथा?” हेमांगीनं विचारलं.

“चौथा नाही, ताई.”

गावच्या डॉक्टरनं बाचा फोन पाहून सांगितलं, मोतीलालला नाही, शेजारच्या बागवाल्याला नाही. तिसरी दिली होती. मग आणखी कुणाला कशाला बोलवायचं?

“मशीन उचलतं तेव्हापासून रेकॉर्ड होतं,” भाग्येश खाली मान घालून म्हणाला. “आठ चौदाचं आहे. आपा, तुम्ही नका ऐकू.”

“लाव,” अख्तरबानो म्हणाली.

त्यानं लावलं.

“नमस्कार,” अख्तरबानोचा आवाज म्हणाला. शाळेतल्या कवितेसारखा, ताठ. “सावली रुग्णसेवा केंद्रात आपलं स्वागत आहे.”

“बानो?”

“नवीन नोंदणीसाठी एक दाबा.”

“बानो, मी पडनू वं. मोरीमा पाय सरकना.”

“सेविकेच्या वेळेसाठी दोन दाबा.”

“काबरं अशी परकंगत बोली ऱ्हायनी तू? रागवनी का माय?”

“कार्यालयाशी बोलण्यासाठी तीन दाबा.”

“तीन ते व्हयनात ना, बानो.” थोडा वेळ नुसती धाप. “पहिली मन्ही, दुसरी तुन्ही… ही तिसरीच शे. आते ये ना.”

“येस बा, येस,” अख्तरबानो टेबलाची कड धरून म्हणाली. मोठ्यानं. हेमांगीनं तिच्या खांद्यावर ठेवलेला हात दचकून काढून घेतला.

“बरं,” बा म्हणाली. आता आवाज निवलेला होता, कुणी हो म्हटल्यासारखा. “दार उघाडं ठेवस मी.”

“आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही,” अख्तरबानोचा आवाज म्हणाला. “धन्यवाद. आपला दिवस शुभ असो.”

बाहेर मिरचीची पोती घेऊन ट्रॅक्टर गेला, त्याच्या धक्क्यानं खिडकीची काच थरथरली, थांबली. भाग्येश म्हणत होता की काही दाबलं नाही तर फोन बंद व्हावा हे आपणच ठरवलं होतं ताई, फालतू फोन फार येतात म्हणून. हेमांगी हो म्हणत होती, हो, मीच सांगितलं होतं. अख्तरबानोला दोघांचे ओठ दिसत होते. तिच्या कानात एकच गोष्ट चालू होती. आपला दिवस शुभ असो. हे ती म्हणाली होती. दोनदा ठसका लागला होता, तिसऱ्यांदा छान जमलं होतं. भाग्येशनं अंगठा वर केला होता.

त्या दुपारी ती तापीकाठी गेली. बायांनी तिला वाट करून दिली. मोतीलाल सुरतेहून यायचा होता. घरात पाऊल टाकताना तिचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. कडी खाली लोंबत होती. तिनं ती लावली नाही, हलवलीही नाही. बाच्या पायांशी बसली आणि ते दाबत राहिली, तिरडी बांधून होईपर्यंत.

पुढच्या सोमवारी भाग्येश पुन्हा आला. मशीनमधला आवाज अख्तरबानोनं काढून टाकायला लावला होता. तेवढं एकच तिनं मागितलं. हेमांगीनं बाकीचं सांगितलं. टेबलावर परत वाजणारा फोन हवा. आधी तो वाजेल, पाच घंट्या वाजेल, मगच मशीन उचलेल. भाग्येशनं नवा फोन आणला होता, काळा, इंटरनेटच्या तारेवर चालणारा, पण घंटी जुन्यासारखी लावलेली. जुन्याच्या जागी त्यानं तो ठेवला. लाकडावर जुन्याच्या चार पायांचे फिकट ठसे होते, त्यात नवा नीट बसला नाही.

“आपा, मी माझ्या मोबाइलवरून लावून पाहतो. उचलू नका. फक्त वाजतो का बघायचंय.”

अख्तरबानोनं मान हलवली.

फोन वाजला. एक.

हेमांगी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. कालीबाई पत्ता घ्यायला आली होती, तीही थबकली.

दोन.

अख्तरबानोचे हात मांडीवर होते. चौदा वर्षांची सवय; दोनवर हात हलत नसत. भाग्येशनं मोबाइल कानाशी धरला होता, पुढची वाजते का ते ऐकत.

तीन.

अख्तरबानो उठली. गळ्यातला हेडफोन काढून तिनं टेबलावर ठेवला, ओढणी डोक्यावर घेतली. दारापाशी तिच्या चपला होत्या. त्यात एकेक पाय सरकवला.

“आपा,” भाग्येश म्हणाला, “आपा, मीच लावलाय.”

फोन वाजत राहिला. अख्तरबानोनं दाराची कडी काढली. मिरचीचा झोत आत आला, आणि कुणीच खोकलं नाही.