बारोलोतला पहारा

दामूच्या ओठांशी ग्लास पोचायच्या आत अनिताने तो काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. दारू जिभेला तुरट लागली, कच्चं जांभूळ चावल्यासारखी. दारूच्या तळघरातले सगळे हसले.

“काकी आज फॉर्मात आहेत!” नाशिकचा एक डीलर म्हणाला.

अनिताही हसली. हसण्यावारी नेलं की कोणी पुढे विचारत नाही, हे ती सकाळच्या पहिल्याच तळघरात शिकली होती. स्वतःच्या वाटणीचा ग्लास ती घेतच नव्हती. दामूचा मात्र एकही तिने सोडला नव्हता.

त्यांच्या मुलाचं, संदेशचं, मुरबाडला पॉवर टिलरचं दुकान होतं. विक्री चांगली झाली म्हणून कंपनीने डीलरांना इटलीच्या उत्तरेकडे, पिएमोंतेला सहलीला आणलं होतं. सोबत घरची माणसं आणायची मुभा होती. संदेशचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे त्याने हौसेने आईबापाला विमानात बसवलं. हा बारोलोचा मुलूख दारूसाठीच नावाजलेला आहे हे त्याने सांगितलं नाही, आणि अनिताला विचारायचं सुचलं नाही.

दामूने मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या देवापुढे शपथ घेऊन दारू सोडली, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याआधीचे दिवस अनिताने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पोराच्या नजरेला पडू नये म्हणून तिने संदेशला शहापूरला मामाकडे शाळेत घातलं होतं. बाप देवाचं करतो म्हणून पीत नाही, एवढंच त्याला माहीत. हे सगळं झाकून नेल्याचा तिला अभिमान होता, खोटं कशाला बोला. आणि आता एका घोटात सगळं मातीत जायची वेळ आली होती.

बस पुन्हा टेकड्या चढू लागली. उतारावर द्राक्षांच्या ओळी, माथ्यावर एखादा किल्ला, लांबवर बर्फाचे डोंगर. गाइड हात करकरून दाखवत होती. अनिता मात्र दामूच्या गळ्याकडे बघत होती. तो सारखा आवंढा गिळत होता.

दुपारी जेवायला दारूत शिजवलेलं मांस आलं. वास येताच तिने दामूची बशी ओढली आणि आपल्या पिवळ्या बारीक शेवया त्याच्यापुढे सरकवल्या.

“शिजली का उडून जाते ती,” दामू पुटपुटला.

“तुमाला बरं ठाव!”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला संदेश आणि त्याचे दोस्त ग्लास भिडवत होते. दामूची नजर तिथून हलेना. उपाशी माणसासारखा बघतोय, असं तिला वाटलं.

शेवटचा मुक्काम एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मळ्यात होता. दामूने वेलाखालची माती चिमटीत कुस्करून पाहिली. म्हातारा खूश झाला. त्याने दामूचा खांदा थोपटला, आपल्या हाताने ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला.

अनिता पुढे झाली. तिचे पाय जड झाले होते, पण ग्लासाची दांडी तिने बरोबर पकडली. या वेळी दामूने ग्लास सोडला नाही.

“सोडा. देवाला काय सांगाल?”

“मी पिनार नाय गो. म्हाताऱ्याचा मान म्हनून धरलाय. तू तिकडं बघ.”

कठड्यापाशी संदेश नाशिकवाल्याशी बोलत उभा होता. हातात भरलेला ग्लास होता. बोलता बोलता, न बघता, त्याने बोटाचं टोक दारूत बुडवलं आणि थेंब जमिनीवर उडवले. पुन्हा बुडवलं, पुन्हा उडवले. मग ग्लास तोंडाला लावला.

अनिताचा हात सुटला. त्यांच्या गावाकडे पिणारे आधी जमिनीला देतात, देवाला आणि मेलेल्या माणसांना. इथे दिवसभर बाकीचे नुसते ग्लास भिडवत होते, हे कोणीच केलं नव्हतं. रोज प्यायला बसणाऱ्यांत बसल्याशिवाय हाताला ही सवय लागत नाही. दामूचंही बोट असंच जायचं, बोलता बोलता, न बघता.

“सकालपासनं बघतोय,” दामू म्हणाला. “पयल्या ग्लासापासनं. तुला सांगू कसा? तू माज्याच हाताला चिकटलीस.”

“कदी लागली त्याला?”

“आपल्याला कोन सांगनार?”

ती कठड्याकडे निघाली. जमीन पायाखाली हलत होती. जाऊन तिने संदेशच्या ग्लासाला हात घातला. त्याने तो हसत डोक्यावर उचलला.

“आई, दिवसभर बाबांचा घेतलास, आता माझापण?”

दोस्तांनी टाळ्या पिटल्या. इतकी वर्षं जे झाकलं ते आता याला कुठून सांगायला लागावं, तिला कळेना. बाप समोर उभा होता, हातातल्या भरल्या ग्लासासकट.

“संदेश, नको पिऊस रे,” ती म्हणाली.

तिच्या तोंडाचा भपकारा त्याच्यापर्यंत गेला. त्याने दोन बोटांत नाक धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“बघा, कोण बोलतंय!”