माझ्यामागची भिंत

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. माझ्यात खेड्यातल्या एका घराचे स्वयंपाकघर आहे. चुलीपाशी आई बसली आहे, दोन बहिणी शेंगा सोलत आहेत आणि खिडकीतून सकाळचे कोवळे ऊन आत आले आहे. त्या दोघींतल्या थोरलीनेच मला रंगवले. तेव्हा तिचे केस पिकू लागले होते.

रंग वाळल्यावर ती मला त्याच घरी घेऊन आली. तिथे आता धाकटीचा संसार होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली होती. धाकटीचा नवरा म्हणाला, "इथेच लावू या. चीरही झाकली जाईल." त्याने खिळा ठोकला. आत माती भुरभुरली. ती फक्त मला ऐकू आली.

माझे कौतुक फार झाले. येणारा-जाणारा माझ्यापुढे थांबून उसासा टाकी. "काय दिवस होते ते!" शेजारीण दर वेळी म्हणे. इकडे माझ्या पाठीला मात्र गारवा लागत होता. आधी पावसाळ्यापुरता, मग बाराही महिने. चौकटीला बुरशी धरली. चीर रुंदावत गेली आणि फुगलेली भिंत मला हळूहळू पुढे ढकलू लागली. माझ्यात तीन तोंडे रंगवलेली होती, पण बोलता एकालाही येत नव्हते.

धाकटीची मुलगी माझ्याखालच्या टेबलावर अभ्यास करायची. एकदा ती म्हणाली, "आई, चित्र पुढे आलंय बघ."

"दोरी सैल झाली असेल गं. बाबांना सांगते."

बाबांनी दोरी आवळली आणि हात झटकले.

मग एका दुपारी मुलगी टेबलापाशी अभ्यास करत असताना थोरली आली. माझ्या कडेची बुरशी पाहून तिचा जीव कळवळला. "अगं, जरा पुसायचं तरी!" असे म्हणत तिने मला उतरवले आणि ती जागच्या जागी थिजली. चिरेत अख्खा हात गेला असता. आतून खडे घरंगळत होते.

"पोरीला उचल! आधी बाहेर व्हा!"

मला बगलेत धरून ती अंगणात पोचते न पोचते तोच भिंत कोसळली. टेबलाचा चुरा झाला. मुलगी आईला बिलगली.

ढिगाऱ्याकडे बघत धाकटी म्हणाली, "ताई, आपल्या लहानपणी किती भक्कम होती गं ही भिंत!"

थोरलीने मान खाली घातली. "नव्हती. चीर तेव्हाही होती. आई सारखी माती लिंपायची. चित्र छान दिसावं म्हणून मीच ती चीर रंगवली नाही."

मित्रांनो, जुन्या दिवसांची चित्रे घरात जरूर लावा, त्यांच्यावरची धूळ पुसा. पण अधूनमधून आम्हाला खाली उतरवून मागच्या भिंतीवर तळहात फिरवा. ती गार लागली, तर आमच्याकडे बघत उभे राहू नका.