चार पाहुण्यांना दिलेला मेंढा

मित्रांनो, मेंढ्याला सहसा म्हातारपण येत नाही. मला आलं, ते परदेशी गुंतवणुकीमुळे.

मी उत्तर घानातल्या एका गावचा. मोठा पाहुणा आला की आमचा नाआ, म्हणजे गावचा प्रमुख, त्याला जिवंत मेंढा भेट देतो. पाहुणा देशातला असेल तर मेंढा गाडीच्या टपावर, आणि संध्याकाळी रश्श्यात. परदेशी पाहुणा मात्र दोरी हातात धरून फोटो काढतो आणि म्हणतो, "गावालाच राहू दे." असा मी एका हातपंपाच्या, एका चक्कीच्या आणि एका शौचालयाच्या उद्घाटनातून जिवंत परतलो. त्यातलं आज एकही चालू नाही. मी आहे. टिकाऊ विकास म्हणतात तो हाच, असं म्हणून पोरं माझी शेपटी ओढतात.

हातपंप बंद पडला तशा बायका पाण्याला बंधाऱ्यावर जायला लागल्या. तिथं गुरंही येतात, आणि गुरं नुसती पिऊन जात नाहीत.

चौथ्यांदा आली ती उन्हावर चालणारा पंप घेऊन एक कंपनी. साहेब भाषणात म्हणाले, "हे पॅनल पंचवीस वर्षं टिकेल. वारा, पाऊस, काही होणार नाही त्याला!" मला शेजारीच उभं केलं होतं. पॅनल इतकं चकचकीत, की त्यात मला दुसरा मेंढा दिसला. शिंगं माझ्याएवढीच, पण बघणं भलतंच उर्मट. मी धडक दिली.

काच तडकली. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"झाली वाटतं पंचवीस वर्षं," मगाझिया सनातू म्हणाली. मगाझिया म्हणजे गावातल्या बायकांची पुढारी.

जिल्ह्याचा अधिकारी घाईनं म्हणाला, "मगाझिया, थट्टा पुरे. मेंढा द्या, साहेबांना फोटो घेऊ दे."

"मेंढा नाही मिळायचा."

"अगं सनातू, पाहुण्यांसमोर?" नाआ नेंदो चपापले.

"नाआ, तुमचा मान ठेवून बोलते. पंप एक कोरडा मोसम चालवून दाखवा, मग मेंढा न्या. सुटे भाग गावात ठेवा, आणि आमच्यातल्या दोघींना दुरुस्ती शिकवा."

अधिकारी कुजबुजला, "अहो, फोटो नसला तर गाव खूश आहे असं त्यांच्या कचेरीत मानत नाहीत. पुढचे पैसे अडतील!"

"अडू देत. आम्ही कधीच्या अडलोय."

महिन्याभरात नवं पॅनल आलं, सुट्या भागांची पेटी आली. गावातली अझारा आणि तिची जाऊ पंप खोलायला, जोडायला शिकल्या. पॅनलभोवती कुंपण घातलं, ते खास माझ्यासाठी. कोरडा मोसम आला आणि गेला. मधे पंप एकदा रुसला. अझारानं दुपारच्या आत चालू केला.

याचा आनंद मानावा की नाही, ते माझं अजून ठरत नाही. कारण दिलेला शब्द गाव पाळतं, आणि उद्या कंपनीचा पाहुणा मेंढा न्यायला येतोय. हा म्हणे शेतकऱ्याचा पोरगा आहे, हातातली दोरी सोडत नसतो.

आज सनातूनं मला पंपाखाली आंघोळ घातली. "म्हाताऱ्या," ती म्हणाली, "तू शिजता शिजणार नाहीस. पण असू दे, पाणी आहे आता भरपूर."

तर मित्रांनो, पेटीला गंज चढू देऊ नका. अझाराला शिकलेलं विसरू देऊ नका, तिच्या पोरींनाही शिकवा. पंप पुन्हा बंद पडला, तर अडवून धरायला गावाकडे मेंढा नसेल.